श्रीकृष्ण सर ऐकण्यात पास होतात

रजनीताईंना नवऱ्याशी एक गोष्ट हळू आवाजात बोलायची होती, आणि दिवाळीपासून ते जमलेलं नव्हतं.

श्रीकृष्ण सरांना ऐकू येत नव्हतं. अजिबातच येत नव्हतं असं नाही, ट्रॅक्टर अगदी अंगावर आला तर यायचं. पण बाकी सगळं ओरडून सांगावं लागे, आणि नेरच्या त्या कॉलनीत घरं इतकी खेटून होती की रजनीताईंनी सरांना "चहा टाकू का?" असं विचारलं की भिंतीपलीकडून ममता "मले नको काकू, आत्ताच झाला" म्हणून सांगायची. सरांचं पोट साफ झालं की नाही हे सकाळी आठपर्यंत गल्लीला कळलेलं असे. कारण रजनीताईंना ते विचारावं लागे, आणि सर त्याचं उत्तर वर्गाच्या शेवटच्या बाकावर पोचेल अशा बेताने देत.

लिहून सांगण्याची सोय नव्हती. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची सवय अशी की हातात आलेला कागद मोठ्याने वाचायचा. एकदा रजनीताईंनी पाटीवर लिहून दाखवलं, 'ममताच्या लोणच्याला बुरशी आली आहे, खाऊ नका.' सरांनी ते स्वल्पविरामासह वाचलं. त्यानंतर वर्षभर त्या घरून लोणचं आलं नाही. मोबाइलवरचे निरोपही ते असेच वाचत, खालचे हसरे चेहरे सोडून. शेवटी रजनीताई त्यांना संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरायला घेऊन गेल्या. आजूबाजूला नुसत्या कपाशीच्या पऱ्हाट्या. त्यांनी घसा खाकरला, "अहो, ऐका" म्हणून ओरडल्या, आणि मागून येणारी मोटरसायकल थांबली. सरांचा जुना विद्यार्थी होता. तो पाया पडला आणि घरापर्यंत सोबत आला.

सांगायचं होतं ते असं. त्यांची गौरी नागपूरला बँकेत होती, छत्तीस वर्षांची झाली होती, आणि तिनं आपल्याच बँकेतल्या देवसिंग राठोडशी लग्न करायचं ठरवलं होतं. जातीची अडचण नव्हती. सर दर पंधरा ऑगस्टला आंतरजातीय विवाहावर बोलत आले होते, आणि आता बोललेलं अंगावर आलं असतं तरी त्यांनी ते निभावलं असतं. अडचण वेगळी होती. सर बोर्डाच्या परीक्षांना भरारी पथकात असत. नुसते असत असं नाही, त्यांची जीप दिसली की केंद्राच्या मागच्या खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा सडा पडे. वीस वर्षांपूर्वी बारावीच्या गणिताच्या पेपराला त्यांनी एका मुलाच्या मोज्यातून चिठ्ठी काढली, जबाबावर सही घेतली, आणि त्याचं वर्ष गेलं. तो मुलगा म्हणजे देवसिंग. जात सरांना चालली असती. कॉपी चालली नसती.

हे गल्लीला आधी कळलं असतं आणि सरांना मागाहून, तर काय झालं असतं याचा विचार रजनीताई करू शकत नव्हत्या. हळू बोलणं भाग होतं. त्यासाठी कानाला मशीन लागणं भाग होतं. आणि सर मशीन लावायला तयार नव्हते.

"मला ऐकू येतं," ते म्हणायचे. "लोक पुटपुटतात. पूर्वी लोकांना बोलायची शिस्त होती."

सरकारी दवाखान्यात एकदा कान तपासले गेले की मशीनही आपोआप येईल, असा रजनीताईंचा बेत होता, आणि नवऱ्याची एकच कमजोरी त्यांना ठाऊक होती. जानेवारीत पेन्शनच्या प्राप्तिकराचा हिशेब करायला सर बसले, तेव्हा त्या समोर जाऊन ओरडल्या, "अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं तर करात सूट मिळते म्हणे."

सरांचं पेन थांबलं. वजावट सोडून देणं हे त्यांच्या दृष्टीने गणितात उत्तर काढून एकक न लिहिण्यासारखं होतं. ते दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूट घ्यायला हरकत नाही. पण मी बहिरा म्हणून घेणार नाही."

"मग कोण म्हणून घेणार?"

सर पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळले. ममताने भिंतीपलीकडून सुचवलं, "काकू, आमच्या राजदीपच्या सेंटरवर न्या त्याहिले. तो करते सगळं."

राजदीप हा ममताचा दीर. बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइन अर्जांचं केंद्र होतं. सर तिथे दोन पेनं, आधार कार्ड, सेवापुस्तकाची प्रत आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन गेले. गुणपत्रिकेचं काम नव्हतं, पण तीत चांगले मार्क होते. राजदीपने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि अपंगत्वाचा प्रकार विचारला. सर सांगू लागले, "लिही. वयोमानानुसार किंचित कमी ऐकू येणे, तेही मुख्यत्वे समोरील व्यक्तीच्या सदोष उच्चारामुळे."

राजदीप म्हणाला, "सर, त्यात लिवाले जागाच नाही. खाली नुसतं टिचकवाचं आहे. आंधळा, बहिरा, पायानं अधू, असं."

सरांनी पडद्यावरची यादी दोनदा वाचली, तिच्यातली शुद्धलेखनाची चूक राजदीपला दाखवली, आणि त्याने आपल्या मनाने टिचकी मारली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. जणू दुसऱ्याच कोणाचा अर्ज चालला होता.

तपासणीची तारीख एका बुधवारची आली. यवतमाळच्या बसमध्ये सरांचं वयाच्या सवलतीचं अर्धं तिकीट, रजनीताईंचं बाईमाणसाच्या सवलतीचं अर्धं. दोघं मिळून एक माणूस, असं सर कंडक्टरला म्हणाले, आणि मागच्या सीटपर्यंत सगळे हसले. सर खुशीत होते. रजनीताईंना ती खुशी बरी वाटली नाही. सकाळपासून त्यांची लक्षणं ठीक नव्हती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. देवाला नमस्कार केला होता. निघताना दही-साखर मागितली होती.

दवाखान्यात बाकावर रांग होती. सर नेहमीप्रमाणे वेळेच्या तासभर आधी पोचले होते, त्यामुळे त्यांना आजूबाजूला बघायला सवड मिळाली. पलीकडे एक धडधाकट तरुण दोन्ही कानांत कापूस घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याच्या खिशातला फोन वाजला असावा, कारण त्याचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थिजला. फोन सरांना ऐकू आला नव्हता. हात दिसला होता. ते उठले, तरुणापुढे उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "घे. उचल फोन."

सगळी रांग वळून पाहू लागली. तरुणाने कापूस काढला आणि तो जिन्याकडे चालू लागला. सर बाकावर परत आले ते दहा वर्षांनी लहान होऊन. "लबाडी डोळ्यांत दिसते," ते म्हणाले. हे त्यांनी रजनीताईंना सांगितलं, पण ऐकलं सगळ्या मजल्याने.

कान तपासायच्या खोलीत काचेची एक लहानशी बंद केबिन होती. बाहेर यंत्र आणि यंत्रामागे वैष्णवी नावाची मारेगावकडची मुलगी. तिने सरांच्या कानावर हेडफोन चढवले, आपल्याकडे पाठ होईल अशी खुर्ची ठेवली, आणि हातवारे करून समजावलं की आवाज आला की बोट वर करायचं. रजनीताई तिच्या मागच्या स्टुलावर बसल्या. एकदाची सुटका, असं त्यांना वाटलं.

पहिलं बोट वर गेलं. मग दुसरं. डाव्या कानाला, उजव्या कानाला, बारीक आवाजाला, जाड आवाजाला. एकही चुकलं नाही. रजनीताई चक्रावल्या. घरी कुकरच्या शिट्ट्या ज्या माणसाला कळत नाहीत, तो इथे वैष्णवीलासुद्धा न ऐकू येणाऱ्या आवाजांना बोट वर करत होता. मग त्यांच्या लक्षात आलं. पाठ दुखते म्हणून सरांनी खुर्ची जराशी तिरकी करून घेतली होती. मान सरळ होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डाव्या डोळ्याची बाहुली अगदी कोपऱ्यात गेली होती. वैष्णवीचं कोपर हललं की बोट वर.

बाकावरचा मुलगा मान न हलवता शेजारचा पेपर कसा बघतो, हे सरांनी वीस वर्षं पकडलं होतं. सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. परीक्षा कशाची आहे याचा विचार न करता त्यांनी त्या वापरल्या. समोर परीक्षा होती, आणि नापास होणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

रजनीताईंना आयुष्यात पहिल्यांदा 'कॉपी, कॉपी' म्हणून ओरडावंसं वाटलं. पण बाहेर रांग उभी होती, आणि त्या रांगेसमोर तासाभरापूर्वीच सरांनी एकाला पकडलं होतं. त्यांचा घसा नेमका तेव्हाच बसला.

डॉक्टरांनी आलेख पाहिला, सरांकडे पाहिलं, पुन्हा आलेख पाहिला. "काका, हे कान पंचवीस वर्षांच्या पोराचे आहेत," ते म्हणाले. सरांनी त्यांच्या ओठांवरून ते टिपलं आणि विनयाने मान झुकवली.

बाहेर आल्यावर ते रजनीताईंना एवढंच म्हणाले, "पास."

अर्ज नामंजूर झाल्याचा निरोप मोबाइलवर आला. सरांनी तो अंगणात मोठ्याने वाचला. मग त्यांनी कानाच्या अहवालाला प्लास्टिकचं आवरण चढवून घेतलं. रजनीताईंना वाटत होतं की यापेक्षा वाईट काही होणार नाही. ते त्यांचं चुकलं. आत्तापर्यंत सरांना ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला मान्य होतं, फक्त सरांना नव्हतं. आता सरांच्या बाजूने सरकार उभं राहिलं. रजनीताई काही बोलल्या की ते अहवाल पुढे धरत.

"हे बघ. कान व्यवस्थित आहेत. दोष उच्चाराचा आहे. तुझा गळा दाखवून घेऊ."

आणि खरोखरच त्यांनी रजनीताईंना गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं की ओरडून ओरडून गळ्याच्या आत गाठी धरायला लागल्या आहेत, आठवडाभर एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. सरांना तो आपल्या निदानाचा विजय वाटला. रजनीताईंनी आठवडाभर तोंड उघडलं नाही. सरांच्या ते लक्षात आलं नाही. उलट चौथ्या दिवशी जेवताना ते समाधानाने म्हणाले, "आता कशी स्पष्ट बोलतेस. औषध लागू पडलं."

रजनीताईंनी ताटात पोळी वाढली. ती जरा जोरात पडली, पण तेही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

मार्च उलटला तसा गौरीचा फोन आला. लग्नाची नोटीस दिली होती, येत्या रविवारी ती देवसिंगला घेऊन घरी येणार होती. "बाबांना सांगितलंस ना आई?" तिने विचारलं.

"सांगून राह्यली," रजनीताई म्हणाल्या.

"दिवाळीपासून तू सांगूनच राह्यली. मी येऊन सांगू का त्यांना?"

"तू सांगितलं तरी ओरडूनच सांगशील ना. थांब तू. रविवारच्या आत करते काहीतरी."

त्या तशाच राजदीपच्या केंद्रावर गेल्या आणि फेरतपासणीचा अर्ज करायचा म्हणाल्या. राजदीपने पडद्यावर खालीवर पाहिलं. "काकू, टक्के कमी भेटले म्हणून अपील करता येते. कारण काय टाकू?"

रजनीताईंनी दाराकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं. राजदीपने माउसवरचा हात काढला. मग म्हणाला, "सरांनी? आपल्या सरांनी?" त्याचं दहावीचं वर्ष त्याला आठवलं असावं. "काकू, तुमची शपथ, कोणाले नाही सांगत. पण नवऱ्यानं कॉपी केली असा ऑप्शनच नाही इथं. तुम्ही सरळ त्या तपासणीवाल्या म्याडमले भेटा."

दुसऱ्या दिवशी मंदिरात जाते सांगून रजनीताई यवतमाळला वैष्णवीकडे गेल्या. नवऱ्याच्या नावाने पोलिसात जावं तसं त्यांना वाटत होतं. ऐकून वैष्णवी हसलीसुद्धा नाही.

"होते काकू असं," ती म्हणाली. "म्हातारे लोक पास व्हाले पाह्यतात, जवान लोक नापास व्हाले. जास्त करून मास्तर लोकाहिचं असंच होते. बुधवारी आणा त्याहिले."

फेरतपासणीला जायला सर लगेच तयार झाले. पैकीच्या पैकी मिळालेल्याने फेरपरीक्षेला का भ्यावं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा दही-साखर मागितली. रजनीताईंनी ती दिली, आणि देवघरात जाऊन कळंबच्या चिंतामणीला मनातल्या मनात हात जोडले. "देवा, ह्यांना नापास कर," त्या म्हणाल्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्यासाठी असं काही मागायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

या वेळी वैष्णवीने काचेवर आतून चादर लावली होती आणि खुर्ची थेट भिंतीकडे वळवली होती. पाठीचं दुखणं सांगून सरांनी खुर्ची हलवून पाहिली, पण दिसायला काहीच राहिलं नव्हतं. ते ताठ बसले. रजनीताईंना चादरीच्या कडेतून त्यांचा उजवा हात तेवढा दिसत होता.

बोट वर गेलं.

थोड्या वेळाने पुन्हा वर गेलं. मग पुन्हा. सर गणिताचे होते. मागच्या वेळी कोपर किती वेळाने हलत होतं, याचा अंदाज त्यांनी लक्षात ठेवला होता, आणि त्या अंदाजाने ते बोट उचलत होते. मध्ये एकदा मुद्दाम थोडा उशीर केला, एकदा अर्धंच उचललं. पैकीच्या पैकी आले तर तपासणाऱ्याला संशय येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

वैष्णवीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. काचेकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "काका, म्या मशीन अजून चालूच नाही केली."

बोट वर गेलं.

"काका, थांबा."

बोट खाली आलं, आणि हिशेबाने पुन्हा वर गेलं.

वैष्णवी उठली, केबिनचं दार उघडून आत गेली आणि सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात यंत्राची वायर होती आणि वायरीच्या टोकाला मोकळा प्लग. सरांनी प्लग पाहिला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर गेलेलं बोट त्यांनी हळूहळू खाली घेतलं आणि मुठीत दडवलं.

पकडलेली मुलं काय करतात हे सरांना पाठ होतं. काही रडतात, काही 'माझी नाही, मागच्याची आहे' म्हणतात, काही चिठ्ठी गिळतात. त्यांच्याजवळ गिळण्यासारखं काही नव्हतं. ते उभे राहिले, शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "जबाब कुठे लिहायचा?"

"कायचा जबाब काका?"

"कॉपीचा."

त्यांनी हे नेहमीच्याच आवाजात विचारलं. बाहेरच्या रांगेतली डोकी दारात आली. रजनीताईंनी डोळे मिटून घेतले.

वैष्णवीने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि परत त्यांच्या खिशाला लावलं. ओठ दिसतील अशी वाकून ती सावकाश म्हणाली, "काही नाही लिवाचं. होते असं. बसा आरामात, पुन्हा करू. ऐकू आलं तं बोट उचला. नाही आलं तं नका उचलू. बस, एवढंच."

सर बसले. वैष्णवीने यंत्र सुरू केलं. या वेळी हात मांडीवर पडून राहिला. वैष्णवी आवाज वाढवत गेली, इतका की हेडफोनमधून बाहेर झिरपलेला तो रजनीताईंनाही ऐकू येऊ लागला. हात तसाच पडून होता. त्यांनी मागितलेलं देवाने दिलं होतं, आणि त्यांना ते बघवत नव्हतं. 'उचला हो, एकदा तरी उचला,' असं त्यांच्या मनात आलं. मग कुठे ते बोट किंचित वर झालं, खात्री नसल्यासारखं, आणि लगेच खाली आलं.

सूट मिळायला चाळीस टक्के लागत, डॉक्टरांनी त्याच्या बरेच वर लिहिले. प्रमाणपत्र यथावकाश येणार होतं. सर त्यासाठी थांबले नाहीत. नवा आलेख घेऊन ते त्याच दुपारी बाजारातल्या दुकानात गेले, आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांमागे काजूएवढी यंत्रं होती. सगळ्या प्रवासात ते एक शब्द बोलले नाहीत. रजनीताईही बोलल्या नाहीत. ती गोष्ट बसमध्ये बोलण्यासारखी नव्हती.

घरी आल्यावर सर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि वर बघू लागले.

"हे काय वाजतंय?"

"पंखा."

"हा वाजतो?"

"बारा वर्षं झाली."

त्यांनी तो बंद केला. मग फ्रिजबद्दल विचारलं, घड्याळाबद्दल विचारलं, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून त्या काढून ठेवल्या. रजनीताईंनी चहा केला आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. दिवाळीपासून पाठ करून ठेवलेलं वाक्य त्यांनी आठवलं. पण आवाज हळू कसा काढतात तेच सापडेना. पहिल्या खेपेला नुसती हवा आली. दुसऱ्या खेपेला त्यांना स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल इतपत जमलं.

"अहो, गौरी लग्न करतेय."

सरांनी बशीत चहा ओतला. "देवसिंगशी," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. दिवाळीच्या आठवड्यात. ओट्याशी उभी राहून फोनवर बोलत होतीस ना, समोरच्या खिडकीच्या काचेत तुझं तोंड दिसत होतं."

ज्या बाईने पाच महिने घसा फोडला, पऱ्हाट्यांत जाऊन ओरडली, गाठी करून घेतल्या आणि देवाकडे नवऱ्याचं वाईट मागितलं, तिला या वेळी हाताशी लाटणं नव्हतं हे बरंच झालं.

"मग बोलले काहून नाही?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"मी सांगतच होते. तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

"तेच बरं होतं," सर म्हणाले. स्वतःचा आवाज कानात येत असल्यामुळे ते फार जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखे बोलत होते. "ऐकू आलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं. त्याच्या बापासमोर सही घेतली मी त्याची. तो बाप हात जोडून उभा होता. म्हणत होता, सर, एकदा सोडा, पोरगा पुन्हा लिहील. मी म्हटलं, नियम आहे. आता त्याच माणसाला व्याही म्हणून कोणत्या तोंडानं बोलावू? ऐकलंच नाही, तर हो पण नाही आणि नाही पण नाही."

चहावर साय धरली.

"त्या पोरीनं मला पुन्हा बसवलं," सर जरा वेळाने म्हणाले.

"हो."

"जबाबसुद्धा नाही घेतला."

"नाही घेतला."

"मलाही बसवता आलं असतं त्याला. दुसरी उत्तरपत्रिका देऊन." त्यांनी बशी खाली ठेवली. तिचा आवाज झाला आणि ते त्या बशीकडे बघत राहिले. "रविवारी किती वाजता येणार आहेत?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ममताचा आवाज आला. "काकू, बरं आहे ना सगळं? दोन घंट्यांपासून घरातून काहीच आवाज नाही येऊन राह्यला. मले तं भेव वाटून राह्यलं."

रजनीताई सवयीने 'काही नाही ग' म्हणणार होत्या, पण सर उठले. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात मागे बांधून ते उभे राहिले.

"ममता! गौरीचं लग्न ठरलं! मुलगा देवसिंग राठोड! बँकेत आहे! रविवारी येतोय, सगळ्यांनी चहाला या!"

गल्लीत तीन दारं उघडली. कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. सर मात्र दचकून मागे सरकले. दोन्ही कानांवर हात ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग रजनीताईंच्या जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "एवढ्यानं कोण ओरडलं?"